सात्सुकी फुजिसावा आणि जपानचं महिला कर्लिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळी ऑलिम्पिक जवळ आलं की फुजिसावाबद्दलचे प्रश्न यायला लागतात आणि स्पर्धा संपल्यावरही महिनाभर येत राहतात. बहुतेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. ज्यांना कर्लिंग बघता येतं त्यांनी प्रश्न ३ आणि ४ सोडून पुढे जावं.

१. सात्सुकी फुजिसावा कोण? थोडक्यात सांगा.

जपानच्या 'लोको सोलारे' या महिला कर्लिंग संघाची स्किप, म्हणजे कर्णधार. जन्म २४ मे १९९१, होक्काइडो बेटावरच्या कितामी शहरात. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिम्पिकमध्ये कांस्य आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये रौप्य ही तिच्या संघाची मोठी कमाई. जपानला कर्लिंगमध्ये ऑलिम्पिक पदक मिळालं ते या संघामुळेच. त्याआधी पुरुषांनाही मिळालं नव्हतं आणि महिलांनाही नाही. शिवाय २०१६ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये कॅनडात ग्रँड स्लॅम विजेतेपद. ऑलिम्पिक सुवर्ण आणि जागतिक विजेतेपद मात्र तिच्या नावावर नाही. 'विश्वविजेती फुजिसावा' असं कुठे वाचलंत तर ते चूक आहे.

२. फुजिसावा हे नाव की आडनाव?

आडनाव. जपानीत आडनाव आधी येतं, त्यामुळे तिथल्या फलकांवर 'फुजिसावा सात्सुकी' दिसतं; आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उलटा क्रम असतो. व्यक्ती एकच.

३. कर्लिंग मी कधीच पाहिलेलं नाही. सामना समजेल इतकंच सांगा.

सुमारे ४५ मीटर लांब आणि पाच मीटरच्या आत रुंदीची बर्फाची पट्टी असते, तिला शीट म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना वर्तुळं आखलेली असतात, ते हाऊस. एका टोकाकडून ग्रॅनाइटचा जवळपास वीस किलोचा दगड घसरत सोडायचा आणि समोरच्या हाऊसच्या मध्याजवळ थांबवायचा. प्रतिस्पर्ध्याचा दगड उडवणं, आपल्या दगडासमोर दुसरा ठेवून त्याला आडोसा करणं, हे सगळं यात येतं. कॅरम खेळलेल्या माणसाला कोन आणि टक्कर पटकन कळते. फरक एवढाच की इथे दगड सोडल्यावरही काम संपत नाही: दोघीजणी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत धावतात. घासल्याने दगड जास्त लांब जातो आणि कमी वळतो.

एका संघात चौघी. प्रत्येकीचे दोन दगड, म्हणजे एका संघाचे आठ. दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड झाले की एक एन्ड संपतो. मध्याच्या सर्वांत जवळ ज्यांचा दगड, त्यांनाच त्या एन्डचे गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आपले जितके दगड आत, तितके गुण. असे दहा एन्ड. बरोबरी झाली तर अकरावा.

एन्डमधला शेवटचा दगड ज्यांच्याकडे, त्यांच्याकडे 'हॅमर'. ज्यांनी गुण घेतला त्यांचा हॅमर पुढच्या एन्डला प्रतिस्पर्ध्याकडे जातो. म्हणूनच हॅमर हातात असताना एकच गुण घेणं हे नुकसानीचं मानतात. कधीकधी संघ मुद्दाम शून्यावर एन्ड संपवतात आणि हॅमर राखून ठेवतात. हॅमर नसताना गुण मिळवला तर तो 'स्टील', म्हणजे चोरी. प्याँगचांगचं कांस्य चोरीच्या गुणांवरच आलं (प्रश्न १० पाहा).

४. स्किप म्हणजे कर्णधारच ना? मग वेगळा शब्द कशाला?

कर्णधार आहेच, पण काम जास्त नेमकं आहे. सहकारी दगड सोडत असताना स्किप पलीकडच्या हाऊसमध्ये उभी राहते, ब्रश टेकवून निशाणा दाखवते आणि दगड निघाला की ओरडून घासायला किंवा थांबायला सांगते. संघाचे शेवटचे दोन दगड बहुतेक वेळा तीच सोडते. म्हणजे आधीच्या तिघींनी काहीही केलेलं असो, हिशेब तिच्या हातून मिटतो. फुजिसावाबद्दल लोक इतकं बोलतात त्याचं हे साधं कारण आहे. जिंकणारा दगडही तिचा आणि हुकलेला दगडही तिचाच.

५. एवढ्याशा तोकोरोमधून इतक्या खेळाडू येतात कशा?

तोकोरो हे ओखोत्स्क समुद्रकाठचं, सारोमा सरोवराला लागून असलेलं छोटं गाव. शिंपले, मासेमारी, शेती. २००६ मध्ये ते कितामी शहरात विलीन झालं. कितामीची जपानभर ओळख कांद्यासाठी आहे. कांदा पिकवणारं गाव म्हटलं की आपल्याकडे जसं नाशिकचं नाव निघतं, तसं तिथे कितामीचं.

कर्लिंग इथे आलं ते कॅनडातून. होक्काइडो आणि कॅनडाचा अल्बर्टा प्रांत यांच्यात १९८० मध्ये भगिनी-प्रांताचा करार झाला आणि त्या देवाणघेवाणीत कॅनडाच्या प्रशिक्षकांनी होक्काइडोत हा खेळ शिकवला. तोकोरोतल्या हौशी मंडळींकडे खरे दगड नव्हते, तेव्हा त्यांनी बिअरची छोटी पिंपं बर्फावर घसरवून सुरुवात केली. लगेच वेड लागलं. १९८८ मध्ये गावाने फक्त कर्लिंगसाठी बंदिस्त सभागृह बांधलं, जपानमधलं पहिलं. २०१३ मध्ये त्याजागी सहा शीटचं नवं सभागृह उभं राहिलं.

याचा परिणाम असा की इथल्या पोरांना शाळेपासूनच बर्फ मिळतो. बाकी जपानमध्ये कर्लिंगचा बर्फ शोधायला दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं. लोको सोलारेच्या बहुतेक मुली याच सभागृहात एकमेकींविरुद्ध खेळत मोठ्या झाल्या.

६. लोको सोलारे हा फुजिसावाने काढलेला संघ आहे का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. संघ काढला मारी मोतोहाशीने, २०१० मध्ये. फुजिसावा आली २०१५ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी.

त्याआधी ती दुसऱ्याच संघात होती आणि तिथेही स्किपच होती. शाळा संपल्यावर ती घर सोडून नागानो प्रांतातल्या करुइझावाला गेली आणि 'चुबू इलेक्ट्रिक' या वीज कंपनीच्या संघात दाखल झाली. त्या संघाने २०११ ते २०१४ सलग चार वर्षं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. २०१३ ची रीगामधली जागतिक स्पर्धाही ती चुबूकडूनच खेळली.

मग ती तिथून निघाली का? २०१३ च्या सप्टेंबरात साप्पोरोमध्ये सोची ऑलिम्पिकसाठी निवड स्पर्धा झाली. फुजिसावाचा संघ राष्ट्रीय विजेता होता, सगळ्यांची अपेक्षा त्यांच्याकडूनच होती, आणि अयुमी ओगासावाराच्या होक्काइडो बँक संघाने त्यांना हरवलं. तोवर सलग तीन वर्षं देशात अव्वल असलेल्या स्किपला ऑलिम्पिक घरून बघावं लागलं. दोन हंगामांनंतर तिने कंपनी सोडली आणि कितामीला परतली.

७. मग मारी मोतोहाशीचं काय झालं? तिने जागा सोडली का?

मोतोहाशी तोकोरोचीच. २००६ चं तुरीन आणि २०१० चं व्हँकुव्हर अशी दोन ऑलिम्पिक ती 'टीम आओमोरी'कडून खेळली होती आणि जपानमध्ये तिला रस्त्यात ओळखत होते. व्हँकुव्हरनंतर गावी परतून तिने स्थानिक मुलींचा संघ बांधला. त्यात युमी सुझुकी आणि युरिका योशिदा होत्या. पुढे युरिकाची मोठी बहीण चिनामी योशिदा आली. ती सोची ऑलिम्पिकच्या जपानी चमूत होती.

२०१५ मध्ये मोतोहाशी बाळंतपणासाठी थांबली आणि त्याच सुमारास फुजिसावा आली. परत आल्यावर मोतोहाशीने स्वतःची स्किपची जागा मागितली नाही. ती पाचवी, म्हणजे राखीव खेळाडू म्हणून राहिली आणि २०१८ चं कांस्यपदक तिच्याही गळ्यात पडलं. माझ्या मते या संघाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. स्वतः काढलेल्या संघात बाकावर बसायचं, ही गोष्ट लिहायला सोपी आहे.

८. जपानचा ऑलिम्पिक संघ निवडतात कसा? देशातल्या सर्वोत्तम चौघी एकत्र का आणत नाहीत?

क्रिकेटची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न पडणारच. कर्लिंगमध्ये जपान, कॅनडा आणि इतर बऱ्याच देशांत निवड समिती अकरा नावं काढते तसं काही होत नाही. अख्खा क्लब-संघ जातो. घासणाऱ्या दोघी आणि हाक देणारी स्किप यांचा मेळ वर्षानुवर्षांचा असतो. तो आयत्या वेळी जुळवता येत नाही.

म्हणून ऑलिम्पिकच्या आधीच्या सप्टेंबरात दोन-तीन पात्र संघांत निवड स्पर्धा होते. त्यात जो जिंकेल तो 'जपान'. मागचं पदक, लोकप्रियता, जाहिराती यांचा काही उपयोग नाही. फुजिसावाच्या वाट्याला अशा चार निवड स्पर्धा आल्या:

२०१३, साप्पोरो: चुबूकडून खेळताना हरली.
२०१७, तोकोरो: लोको सोलारेकडून जिंकली. समोर होता तिचाच जुना चुबू इलेक्ट्रिक संघ.
२०२१, वाक्कानाई: जिंकली, पण कशी ते प्रश्न १२ मध्ये.
२०२५, वाक्कानाई: हरली. प्रश्न १९ पाहा.

चारपैकी दोन. तिच्या कारकिर्दीकडे नुसतं पदकांच्या यादीतून पाहिलं तर हे दिसत नाही.

९. २०१६ च्या रौप्यपदकाचं इतकं काय?

ते नसतं तर पुढचं काही झालं असतं की नाही, शंकाच आहे. नव्या जोडणीचा तो पहिलाच हंगाम. २०१५ च्या शेवटी त्यांनी आशिया-पॅसिफिक स्पर्धा जिंकली, मग राष्ट्रीय विजेतेपद, आणि मार्च २०१६ मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या स्विफ्ट करंट गावी जागतिक स्पर्धा. तिथे थेट अंतिम फेरी. स्वित्झर्लंडच्या बिनिया फेल्चरच्या संघाकडून ६-९ अशी हार झाली, तरी जागतिक स्पर्धेतलं हे जपानचं पहिलंच पदक. शिवाय त्यातून मिळालेल्या गुणांच्या जोरावर जपानला प्याँगचांगची जागा मिळाली.

जपानमध्ये मात्र तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. तो झाला दोन वर्षांनी, आणि तोही निम्मा खाऊमुळे (प्रश्न ११).

१०. प्याँगचांगचं कांस्य नेमकं कसं आलं?

साखळीत दहा संघ, प्रत्येकाचे नऊ सामने. जपानने पाच जिंकले, चार हरले आणि चौथ्या क्रमांकाने उपांत्य फेरीत शिरला. यजमान दक्षिण कोरियाने साखळीत फक्त एक सामना गमावला आणि तो जपानविरुद्धच. त्यामुळे उपांत्य फेरीत पुन्हा हेच दोन संघ समोर आल्यावर मैदान तापलेलं होतं. जपानने मागून येऊन दहाव्या एन्डला बरोबरी साधली. अकराव्यात किम उन-जंगने शेवटचा दगड बरोबर टेकवला आणि कोरिया ८-७ ने जिंकला.

दुसऱ्या दिवशी, २४ फेब्रुवारीला, कांस्यपदकाची लढत ग्रेट ब्रिटनशी. समोर ईव्ह म्युअरहेड. फार कमी गुणांचा, अडकून राहिलेला सामना. नवव्या एन्डला जपानने एक गुण चोरला आणि ४-३ अशी आघाडी घेतली. दहाव्यात हॅमर ब्रिटनकडे. एक गुण घेऊन जादा एन्ड खेळता आला असता, पण म्युअरहेडने दोन गुणांसाठी, म्हणजे तिथल्या तिथे जिंकण्यासाठी, दगड जोरात सोडला. टक्कर मनासारखी झाली नाही. सगळे दगड थांबले तेव्हा मध्याजवळ जपानचा दगड होता. ५-३. जपानच्या मुलींना काय झालं ते कळायला क्षणभर लागला. प्रक्षेपणात तो क्षण स्पष्ट दिसतो.

११. ते स्ट्रॉबेरी आणि चीजकेकचं प्रकरण काय होतं?

पाचव्या एन्डनंतर काही मिनिटांची विश्रांती असते. सामना अडीच-तीन तास चालतो, त्यामुळे खेळाडू काहीतरी खातात. लोको सोलारेच्या मुली शीटच्या कडेला गोल बसून फळं आणि केक खात होत्या, कॅमेरा तिथेच होता, आणि जपानला ते दृश्य इतकं आवडलं की त्या वेळेला 'मोगुमोगु टाइम' असं नावच पडलं. त्यातला चीजकेक कितामीच्याच एका मिठाईवाल्याचा, 'आकाइ साइरो' नावाचा. मागणी इतकी वाढली की त्याला पुरवठा जमेना. खेळाडूंच्या अंगावर मायक्रोफोन असतात, त्यामुळे त्यांचं होक्काइडोच्या ढंगातलं 'सोदाने' (हो ना, तसंच) घराघरांत ऐकू गेलं आणि वर्षअखेरीस तो २०१८ चा सर्वाधिक गाजलेला शब्द ठरला.

युमी सुझुकीने कोरियातली स्ट्रॉबेरी छान असल्याचं सांगितलं, तर जपानच्या कृषिमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत त्या कोरियन स्ट्रॉबेरीचं मूळ जपानी वाणात असल्याचं ऐकवलं. फळावरून दोन देशांत कुरबुर! कोरियात फुजिसावा तशीही लोकप्रिय झाली होती, कारण तिचा चेहरा तिथल्या पार्क बो-यंग या अभिनेत्रीसारखा दिसतो, अशी चर्चा होती.

या सगळ्यात खेळ थोडा झाकला गेला, असं मला वाटतं. पण कर्लिंगची सभागृहं पाहायला पर्यटक येऊ लागले तेही यामुळेच, तेव्हा तक्रार किती करायची.

१२. २०२१ मध्ये त्या जवळजवळ बाहेरच गेल्या होत्या म्हणतात. खरं का?

अगदी खरं. फेब्रुवारी २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होक्काइडो बँकेच्या सायाका योशिमुराच्या संघाने त्यांना हरवलं. त्याच दोन संघांत सप्टेंबरमध्ये, जपानच्या उत्तर टोकाच्या वाक्कानाई शहरात निवड मालिका झाली. पाच सामन्यांपैकी जो तीन जिंकेल तो पुढे. लोको सोलारे पहिले दोन हरल्या. मग सलग तीन जिंकल्या.

एवढ्यावर भागलं नाही. जपानला बीजिंगची जागाच अजून मिळाली नव्हती. डिसेंबरमध्ये नेदरलँड्सच्या लेउवार्डन शहरात शेवटची पात्रता स्पर्धा झाली, तिथे दक्षिण कोरियाला हरवून जागा मिळवली. म्हणजे ज्या संघाने दोन महिन्यांनी रौप्य जिंकलं तो डिसेंबरपर्यंत पात्रही नव्हता.

१३. बीजिंगमध्ये शेवटचा साखळी सामना हरूनही उपांत्य फेरीत कशा गेल्या?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

शेवटच्या साखळी सामन्यात स्वित्झर्लंडने जपानला हरवलं. पुन्हा पाच विजय, चार पराभव. फुजिसावाला वाटलं संपलं. ती रडत होती. त्याच वेळी शेजारच्या शीटवर स्वीडनने दक्षिण कोरियाला हरवलं आणि कोरिया मागे पडला. आता पाच-चार अशा स्थितीत तीन संघ उरले: ब्रिटन, जपान, कॅनडा. जागा दोन.

पहिला निकष एकमेकांविरुद्धचे सामने. तो चालेना, कारण जपानने कॅनडाला, कॅनडाने ब्रिटनला आणि ब्रिटनने जपानला हरवलं होतं. अशा वेळी एक वेगळाच हिशेब काढतात. प्रत्येक सामन्याआधी हॅमर कोणाकडे ते ठरवायला दोन्ही संघ हाऊसच्या मध्यावर दगड टाकतात आणि अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात. संपूर्ण साखळीतल्या या अंतरांची सरासरी ज्यांची कमी ते वर. त्यात ब्रिटन तिसरा, जपान चौथा आणि कॅनडा घरी. म्हणजे सरावासारख्या वाटणाऱ्या दगडांनी काम केलं. काही वाचक याला नशीब म्हणतात. मला तसं वाटत नाही. ते दगडही कोणीतरी टाकलेलेच होते.

बातमी कळली तेव्हा रडू तसंच राहिलं, फक्त कारण बदललं.

दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत समोर पुन्हा स्वित्झर्लंड, सिल्व्हाना तिरिंझोनीचा संघ, तेव्हाचा जगज्जेता, साखळीत अव्वल. पाचव्या एन्डला जपानने एकदम चार गुण घेतले आणि सामना ८-६ ने जिंकला. त्या दिवसांत फुजिसावाच्या हातावर पेनाने लिहिलेल्या ओळी कॅमेऱ्याने टिपल्या: मी चांगली कर्लर आहे, माझा स्वतःवर भरवसा आहे, मजा करू या, अशा अर्थाच्या. इंग्रजीत लिहिल्या होत्या.

१४. मग अंतिम सामन्यात काय बिघडलं?

म्युअरहेडच्या ब्रिटनने ३-१० असं हरवलं. पहिल्याच एन्डला ब्रिटनने दोन गुण घेतले, तिथून जपान कायम मागेच. सातव्यात ब्रिटनचे चार गुण आले आणि सामना संपल्यात जमा झाला. गूढ असं काही नाही. एक संघ उत्तम खेळला, दुसऱ्याचे दगड थोडे थोडे लांब पडत गेले. चार वर्षांपूर्वी शेवटच्या दगडावर कांस्य हुकलेल्या म्युअरहेडला तो दिवस लाभला.

१५. बीजिंगच्या संघात ती ज्येष्ठ खेळाडू कोण होती? ती खेळली तर नाहीच.

कोतोमी इशिझाकी, राखीव खेळाडू, तेव्हा ४३ वर्षांची. २००२ आणि २०१० च्या ऑलिम्पिकमध्ये खेळलेली. बीजिंगच्या रौप्यामुळे ती हिवाळी ऑलिम्पिकमधली जपानची सर्वांत वयस्क पदकविजेती ठरली.

'खेळली नाही' हे अर्धंच बरोबर. रात्रीचे सामने आटोपल्यावर संघांना दुसऱ्या दिवशीचे दगड तपासायला थोडा वेळ देतात. ऑलिम्पिकमधले दगड संघाचे नसतात, स्पर्धेचे असतात, आणि एकसारखे दिसले तरी कोणता जरा जास्त वळतो, कोणता लवकर थांबतो. राखीव खेळाडू ते सोडून पाहते, नोंद ठेवते आणि सकाळी कोणाला कोणता दगड द्यायचा ते त्या नोंदीवरून ठरतं. टीव्हीवर हे काम दिसत नाही.

१६. ऑलिम्पिक पदक जिंकलं त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत दुसराच जपानी संघ होता. हा काय प्रकार?

दोन्ही निवडी वेगळ्या असतात. ऑलिम्पिकचा मार्ग प्रश्न ८ मध्ये आहे. जागतिक स्पर्धेला साधारणपणे राष्ट्रीय विजेता जातो. २०१८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा ऑलिम्पिकच्या तोंडावर आली, लोको सोलारे तिथे खेळल्याच नाहीत, आणि जागतिक स्पर्धेला दुसरा संघ गेला. २०२२ मध्येही फुजिसावाऐवजी चुबू इलेक्ट्रिकचा संघ गेला. तिला वगळलं, रुसवाफुगवा झाला वगैरे जे फिरतं त्यात तथ्य नाही.

लोको सोलारेने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं ते २०१६, २०२०, २०२२ आणि २०२३ मध्ये.

१७. ऑलिम्पिकशिवाय तिची सर्वांत मोठी कामगिरी कोणती?

माझं उत्तर: जानेवारी २०२३, अल्बर्टातलं कॅमरोज, कॅनेडियन ओपन. ही ग्रँड स्लॅम मालिकेतली स्पर्धा. तिथे देशाचा कोटा नसतो, क्रमवारीतले वरचे संघ येतात. एका देशाचे सहा-सात संघही असतात. त्यामुळे जाणकार लोक ग्रँड स्लॅम ही ऑलिम्पिकपेक्षा अवघड मानतात. अंतिम सामन्यात फुजिसावाने कॅनडाच्या केरी आयनारसनला तिच्याच देशात हरवलं. ग्रँड स्लॅम जिंकणारा हा पहिला आशियाई संघ. ज्या अल्बर्टाने तोकोरोला कर्लिंग शिकवलं तिथेच ते घडलं.

त्याआधी काही महिने, २०२२ च्या शेवटी, कॅल्गरीत पहिली पॅन काँटिनेंटल स्पर्धा झाली. तिथेही सुवर्ण जपानच्या याच संघाला.

मिश्र दुहेरीतही तिचं नाव आहे: त्सुयोशी यामागुचीबरोबर ती २०१८ आणि २०१९ ची राष्ट्रीय विजेती होती. मिश्र दुहेरीत एक पुरुष, एक स्त्री, दगड कमी, एन्ड आठ.

१८. बॉडीबिल्डिंगचे ते फोटो खरे आहेत की कॉम्प्युटरवर बनवलेले?

खरे. जुलै २०२३ मध्ये तिने इबाराकी प्रांतात एका शरीरसौष्ठव स्पर्धेत भाग घेतला आणि पदकाच्या स्थानावर आली. उन्हात भाजल्यासारखा गडद रंग, दंडाचे स्नायू, केसांची वेगळी ठेवण. कितामीतल्या लोकांनीही ओळखलं नसतं. जपान आणि कोरियात फोटो झपाट्याने पसरले.

हंगाम नसलेल्या उन्हाळ्यात तिने केलेला हा उद्योग होता, कर्लिंग सोडून नव्हे. त्याचा घासण्याला काय फायदा, असं विचारणाऱ्यांसाठी: संघात घासण्याचं मुख्य काम युमी सुझुकी आणि युरिका योशिदाचं. सुझुकीची उंची दीड मीटरही नाही, आणि तिच्या घासण्याचा धसका कॅनडाच्या संघांनाही आहे.

१९. २०२६ च्या ऑलिम्पिकला ती का नव्हती? निवृत्त झाली का?

निवृत्तीशी संबंध नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वाक्कानाईत तीन संघांत निवड स्पर्धा झाली: लोको सोलारे, एससी करुइझावा क्लब आणि फोर्टियस. जिंकला फोर्टियस. हा म्हणजे २०२१ मध्ये दोन सामन्यांच्या आघाडीवरून हरलेला योशिमुराचाच संघ; बँकेचा आधार सुटल्यावर त्यांनी नव्या नावाने उभारी धरली. डिसेंबरमध्ये कॅनडातल्या केलोनाच्या पात्रता स्पर्धेत त्यांनीच जपानची जागाही मिळवली.

वाचकांची हळहळ समजते, पण योशिमुराच्या बाजूने पाहिलं तर ही फार उशिरा आलेली संधी होती.

२०. योशिदा, योशिदा, योशिमुरा... माझा गोंधळ होतो.

सगळ्यांचाच होतो. चिनामी योशिदा: लोको सोलारेची तिसऱ्या क्रमांकाची खेळाडू, हसरी, मोठी बहीण. युरिका योशिदा: त्याच संघाची लीड, म्हणजे पहिले दोन दगड टाकणारी, धाकटी बहीण. सायाका योशिमुरा: फोर्टियसची स्किप, या दोघींशी नातं नाही.

२१. या मुली कर्लिंगवरच जगतात का?

बराच काळ नाही. कितामीतल्या वेगवेगळ्या छोट्यामोठ्या कंपन्यांत त्यांच्या नोकऱ्या होत्या. फुजिसावा विम्याच्या एजन्सीत. मालक हंगामात सुट्टी देणारे, गावचेच. चुबू इलेक्ट्रिकमध्ये असतानाही ती कंपनीची कर्मचारीच होती. प्याँगचांगनंतर प्रायोजक वाढले, परदेशात महिनोन् महिने खेळणं परवडू लागलं, आणि कॅनडात दरवर्षी मुक्काम ठोकूनच त्यांचा खेळ पुढच्या पायरीवर गेला.

२२. तिचे कोणते सामने आधी बघू?

पूर्ण सामने बघायला तीन तास काढा, नुसत्या झलकांवर कर्लिंग कळत नाही. पहिला, २०२२ ची उपांत्य फेरी, स्वित्झर्लंडविरुद्ध. पाचव्या एन्डला घाईने पुढे ढकलू नका. दुसरा, २०१८ ची कांस्यपदकाची लढत. नवखं असाल तर शेवटचे तीन एन्ड पुरे. तिसरा, २०१८ ची कोरियाविरुद्धची उपांत्य फेरी, त्यातल्या प्रेक्षकांच्या आवाजासाठी. कॅमरोजचा अंतिम सामना मिळाला तर तोही, कारण तिथे तिच्यावर कसलंच दडपण दिसत नाही. बीजिंगचा अंतिम सामना तेवढा राहू द्या.